डार्कमध्ये अठ्ठावीस वर्षं

दौलतराव शिंगोट्यांना अंधाराची भीती वाटायला लागली ती वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. नोकरीची, साहेबाची, लोक काय म्हणतील याची, अशा बाकीच्या भीत्या ज्या वयात एकेक करून गळून पडतात, त्या वयात ही नवी भीती त्यांच्याकडे राहायला आली.

श्रावणातले दिवस होते. दुपारी जेवून ते दिवाणावर आडवे झाले आणि नेहमीपेक्षा जास्त झोपले. जाग आली तेव्हा बाहेर मळभ दाटलेलं आणि घरात काहीच दिसत नव्हतं. अर्धवट झोपेत, चाळीस वर्षांच्या सवयीनं, त्यांनी हाक मारली, "विमल, लाइट लाव गं."

आणि ते वाट बघत पडून राहिले. स्वयंपाकघरातून बांगड्यांचा आवाज येईल, "उठा आता, तिन्हीसांजेला झोपू नये," असं काहीतरी ऐकू येईल, म्हणून. विमलाबाईंना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. हे त्यांना आठवलं ते जरा वेळानं. बटण दिवाणापासून चार पावलांवर होतं, पण ती चार पावलं टाकवेनात. खोलीत कोणीतरी आहे असं त्यांना मुळीच वाटलं नव्हतं. खोलीत कोणीही नाही, हे इतकं पक्कं, इतकं अंगाला चिकटून कळलं होतं की श्वास घेतला तर त्याचा आवाजही आपल्यालाच ऐकू येईल, याची धास्ती वाटली.

किती वेळ गेला कोण जाणे. खाली रस्त्यावरून एक टेम्पो वळला, त्याच्या दिव्याचा पट्टा छतावरून सरकत गेला, तेवढ्यात त्यांनी उडी मारल्यासारखं जाऊन बटण दाबलं.

तेव्हापासून त्यांचा दिवस संध्याकाळच्या तयारीत जाऊ लागला. टिटवाळा स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटांवर ही सात मजली बिल्डिंग. वागळे इस्टेटजवळची किसननगरची खोली विकून त्यांनी इथं चौथ्या मजल्यावर वन बीएचके घेतला होता. गणपतीचं देऊळ चालत जाण्याइतकं जवळ, म्हणून विमलाबाईंनीच तो पसंत केला होता. बिल्डिंगमधले निम्म्याहून जास्त फ्लॅट लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन बंद ठेवलेले. चौथ्या मजल्यावर चार दारं, त्यातलं उघडणारं एकच. अंधारायच्या आधी दौलतराव बाहेरच्या खोलीतला, आतल्या खोलीतला, स्वयंपाकघरातला, न्हाणीघरातला, गॅलरीतला, असे सगळे दिवे लावायचे. चार्जिंगवर चालणारे तीन बल्ब लावून ठेवलेले, उशाखाली टॉर्च, खिडकीत दुसरा टॉर्च. लाइट गेली तरी घर एक क्षणभर काळं होता कामा नये, अशी व्यवस्था.

"काका, लांबून बघितलं तर पूर्ण बिल्डिंगमध्ये फक्त तुमचंच घर पेटलेलं दिसतं," गेटवरचा वॉचमन एकदा म्हणाला. "पाहुणे आलेत का?"

"येतात अधूनमधून," दौलतराव म्हणाले.

संध्याकाळचं फिरणं त्यांनी सोडलं. देवळातल्या भजनाला जाणं सोडलं. कल्याणला जुन्या शेजाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं, संध्याकाळच्या मुहूर्ताचं. यायला रात्र होईल आणि कुलूप उघडून अंधाऱ्या घरात पाय टाकावा लागेल, म्हणून तिथंही गेले नाहीत. गुडघा दुखतोय असं कळवलं. डॉक्टरला झोप लागत नाही एवढंच सांगितलं. खरं कोणाला सांगायचं? आणि सांगायचं तरी कसं? कारण हा माणूस अठ्ठावीस वर्षं अंधारात काम करून रिटायर झालेला.

ते काम असं होतं. वागळे इस्टेटमध्ये एक कंपनी होती, कलर फोटो छापायचा कागद मापात कापून, पाकिटं भरून विकणारी. कागदाचे अजस्र रोल यायचे, एकेक माणसाच्या उंचीएवढा. त्या कागदाला उजेडाचा कण लागला की तो वाया जाणार. म्हणून कापणं, मोजणं, काळ्या पिशव्यांत भरणं, सगळं काम मिट्ट अंधारात. आत जायला नागमोडी बोळ, भिंती काळ्या रंगवलेल्या, दोन जाड पडदे. पडद्यापलीकडे डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच. मशिनच्या कोपऱ्यांना रेडियमचे टिकलीएवढे हिरवे ठिपके, बस. कामगार त्या खात्याला 'डार्क' म्हणायचे. "कुठल्या खात्यात आहेस?" "डार्कला." असं.

दौलत एक्याऐंशी साली तिथं लागला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. कागदाची कुठली बाजू मसाल्याची, म्हणजे रसायनाचा थर असलेली, हे कळायला कोपरा ओठाला लावायचा. ओठाला किंचित चिकटली ती बाजू वर. हे त्याला पहिल्या दिवशी जमलं. लोक आठवडाभर धडपडायचे, भिंतीला कपाळ आपटून घ्यायचे, कोणी तर दोन तासांत घाबरून बाहेर यायचे आणि हिशेब घेऊन निघून जायचे. दौलतला काही झालं नाही. त्याचं लहानपण जुन्नरकडच्या वाडीत गेलेलं. तिथल्या अंधारात बिबट्या असायचा, खरोखरचा, गोठ्यातून शेळी उचलून नेणारा. त्या अंधारात भ्यावं हे शहाणपणाचंच होतं. बाप सांगायचा, खोकत जा, बोलत जा, म्हणजे जनावर वाट सोडतं. कारखान्यातल्या अंधारात बिबट्या नव्हता. तिथं सहा माणसं होती, आणि तीही सतत बोलत असायची, कारण नियमच तसा होता. हललात की तोंडानं सांगायचं. "येतो." "डावीकडून जातोय." "पाती बदलतोय, हात लांब ठेवा." मशिन बंद असलं की गप्पा, चेष्टा, एकमेकांच्या बायकांच्या हातच्या कालवणाची चर्चा. पुढं दौलत सुपरवायझर झाला. दोन हजार नऊमध्ये फोटो मोबाइलमध्येच राहायला लागले आणि कंपनी बंद पडली. मग काही वर्षं त्यांनी एका एटीएमच्या दारात रखवालदारी केली, डोळ्यांवर येणाऱ्या पांढऱ्या उजेडात. नंतर घरीच.

त्यांची मुलगी संचिता बडोद्याला. नवऱ्याची नोकरी तिथली. तिची मुलगी वल्लरी, दहा वर्षांची, दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. विमलाबाईंना जाऊन दोन वर्षं उलटल्यावर, डिसेंबरातल्या एका रविवारी ती वही घेऊनच बसली होती.

"आबा, माझा प्रोजेक्ट आहे. माणसांना अंधाराची भीती का वाटते. मॅडमनी सांगितलंय, घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारा."

दौलतरावांना क्षणभर वाटलं, हिला कोणी सांगितलं की काय. "पुस्तकात काय दिलंय?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकात आहे की आधी माणसं जंगलात राहायची, रात्री प्राण्यांना दिसायचं आणि माणसांना नाही दिसायचं, म्हणून ती भीती अजून आपल्या आत आहे. पण आबा, मम्मी म्हणाली तुम्ही अंधारात जॉब करायचात. तुम्हाला भीती वाटायची?"

"नाही."

"का नाही वाटायची?"

हे खरंच त्यांना सांगता येईना. "सवय असते बाळा," असं काहीतरी ते म्हणाले. वल्लरीनं लिहिलं नाही. पेन तसंच धरून ती म्हणाली, "सवय हे रीझन नाही. तुमच्याबरोबरच्या माणसांना पण नाही वाटायची?"

"थांब, मी माझ्या मित्राला विचारून सांगतो," दौलतराव म्हणाले. बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की असा मित्र एकच होता, आणि त्याला भेटून सहा वर्षं झाली होती.

धाकू गोरिवले. मूळचा खेडचा. दोघं एकाच वर्षी डार्कला लागलेले. धाकू पॅकिंगला, दौलतच्या मशिनच्या डाव्या बाजूला. आता तो मुलाकडे आंबिवलीला राहत होता. टिटवाळ्याहून एकच स्टेशन. विमलाबाईंच्या वेळी धाकूच्या मुलाचा, संदेशचा, फोन आला होता, "बाबांना यायला जमणार नाही काका," एवढाच. दौलतरावांना तेव्हा राग आला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला होता.

मंगळवारी दुपारी दोनला ते निघाले. पाचपर्यंत परत, असा हिशोब होता. आंबिवलीला उतरून विचारत विचारत चाळ सापडली. दार धाकूच्या सुनेनं, अक्षदानं उघडलं. तिनं ओळखलं. "या काका. बाबा आतच आहेत. किती दिवसांनी आलात." मग आवाज उतरवून म्हणाली, "तुम्हाला माहितीए ना?"

"काय?"

तिनं उत्तर द्यायच्या आत आतून आवाज आला, "दौलत आलाय. त्याचा डावा पाय घासतो चालताना. ये रे."

धाकू खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, आणि डोळे दारापासून एक हात बाजूला, कपाटाकडे लागलेले. दौलतराव उंबऱ्यातच उभे राहिले.

"काचबिंदू," धाकू म्हणाला. "शुगर पण होतीच. चार वर्षं झाली, आता उजेडसुद्धा कळत नाही. विमल वहिनींच्या टायमाला म्हणून नाही आलेलो. संदेश बोललेला घेऊन जातो, मीच नको म्हटलं. तिथं रडणारी माणसं, मी कोणाच्या अंगावर जाऊन पडणार. बस ना."

दौलतराव बसले. धाकूच बोलत राहिला. अक्षदानं चहा आणि खारी आणली. धाकूनं कप न चाचपडता उचलला. हात सरळ कपाच्या कानावर गेला. दौलतरावांना ते बघून ओळखीचं वाटलं. डार्कमध्ये धाकूचे हात असेच चालत असणार, फक्त ते कधी कोणी पाहिलेले नव्हते.

इकडचं तिकडचं झालं. कोण गेलं, कोण गावाला आहे, कंपनीच्या जागेवर आता काचेची ऑफिसं झालीत. मग दौलतरावांनी वल्लरीच्या प्रोजेक्टचं सांगितलं. "तिला विचारायचंय, आपल्याला आत भीती का नाही वाटायची."

धाकू हसला. "आणि तू काय सांगितलंस?"

"सवय."

"सवय कसली." धाकूनं खारीचा तुकडा चहात बुडवला. "मला आता चार वर्षांची सवय आहे. तरी वाटते. घरात कोणी नसेल तेव्हा नाही वाटत बघ, तेव्हा मी राजा. पण कोणीतरी आहे आणि बोलत नाही, तेव्हा वाटते. ही अक्षदा कधीकधी माझी झोप मोडू नये म्हणून गपचूप येते, डबा काढते, जाते. चांगल्या मनानं करते. पण मला घाम फुटतो. तिला सांगितलं तर वाईट वाटेल तिला."

 दौलतरावांची भीती बरोबर उलटी होती. हे आता सांगावं, असं त्यांना वाटलं, पण त्यांनी नुसता चहाचा घोट घेतला.

"आणि तिथं नाही वाटायची म्हणतोस," धाकू पुढं म्हणाला, "तर एकदा वाटलेली. तुलाही वाटलेली."

दौलतरावांनी कप खाली ठेवला. तीस वर्षांत हा विषय त्या दोघांत कधी निघाला नव्हता.

चौऱ्याण्णव साल. दुसरी पाळी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. आत सहा माणसं. त्यातला एक भाऊ, ठाण्याच्या कोळीवाड्यातला, टेबलाच्या पार टोकाला पिशव्या भरायचा. तो काम करताना सतत गुणगुणत असे, कुठलीतरी कोळ्यांची चाल, शब्दांशिवाय. बाकीचे त्याला शिव्या घालायचे, पण त्या गुणगुणण्यावरून प्रत्येकाला टेबलाचं टोक कुठे आहे ते कळायचं. त्या दिवशी पाती बदलायला दौलतनं मशिन थांबवलं आणि त्याला जाणवलं की गुणगुणणं येत नाहीये.

"भाऊ?" तो म्हणाला. उत्तर नाही. "ए भाऊ, आहेस का?" कोणीतरी हसलं. मग सगळेच हाका मारायला लागले आणि हाकांमधल्या जागा मोठ्या होत गेल्या.

पांढऱ्या दिव्याचं बटण दाराशी एका लोखंडी पेटीत होतं, कुलूपबंद. किल्ली सुपरवायझरच्या, म्हणजे तेव्हा दौलतच्याच, कमरेला. बटण दाबलं असतं तर भाऊ कुठे पडलाय ते एका क्षणात दिसलं असतं. पण मशिनवर अर्धा रोल उघडा होता, टेबलावर कापलेला ढीग होता. दौलतचा हात किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला. "कोणी हलू नका," तो म्हणाला. "मी शोधतो." आणि तो गुडघ्यांवर बसून, जमिनीवरून हात फिरवत, टेबलाच्या टोकापर्यंत गेला. चार मिनिटं, पाच मिनिटं, घड्याळ कोण बघणार. हाताला आधी चप्पल लागली, मग पाय. दौलतनं खांदे धरले, धाकूनं पाय, आणि त्यांनी त्याला तसाच अंधारातून, नागमोडी बोळातून, पडद्यांतून बाहेर काढलं. बाहेरच्या उजेडात त्यांनी त्याचं तोंड पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेला असणार, काही करता आलं नसतं. मॅनेजरसाहेबांनी दौलतच्या पाठीवर हात ठेवला. "शिंगोटे, तुम्ही डोकं शांत ठेवलंत, माल वाचला." दुसऱ्या दिवशी पाळी नेहमीसारखी सुरू झाली. घरी दौलतनं विमलला एवढंच सांगितलं की एक माणूस हार्टनं गेला.

"मी लाइट लावायला पाहिजे होती," दौलतराव आता म्हणाले.

"त्यानं काय झालं असतं? डॉक्टर बोललेला ना."

"डॉक्टरला काय माहीत किती वेळ लागला."

 बाहेर अक्षदा म्हणाली, "बाबा, मी पिंटीला ट्यूशनवरून घेऊन येते. काका, तुम्ही बसा हं." दार लोटल्याचा आवाज आला. दौलतरावांनी खिडकीकडे पाहिलं. ऊन केव्हाच गेलं होतं. उठायला हवं होतं, पण धाकूनं तेवढ्यात बोलायला सुरुवात केली, आणि ते बोलणं असं होतं की त्यातून उठून जाता येईना.

"तुला एक सांगायचंय. एवढी वर्षं सांगितलं नाही. भाऊनं हाक मारलेली."

"कधी?"

"तू मशिन थांबवायच्या आधी. मशिन चालू होतं, तुला ऐकू गेलं नसणार. मी त्याच्या जवळ होतो. तो 'दौलत' असं म्हणाला. जोरात नाही. मला वाटलं मस्करी करतोय. तो तुझी नक्कल करायचा ना नेहमी. मी म्हटलं, गप रे. आणि काम करत राहिलो. तू विचारलंस तेव्हा पण मी बोललो नाही. वाटलं, आता बोललो तर सगळे म्हणतील, ऐकलंस तर उठला का नाहीस." धाकूनं कप खाटेवर ठेवला. "तू त्या किल्लीचं मनाला लावून घेतलंस, मला दिसत होतं. दिसत होतं म्हणजे, कळत होतं. आणि मी गप बसलो. तू माझा सुपरवायझर होतास, आणि मला बरंच वाटायचं की दोष तुझ्याकडे आहे."

दौलतराव काही म्हणणार होते. काय, ते त्यांना नंतरही कधी आठवलं नाही. कारण त्याच वेळी डोक्यावरची ट्यूब विझली, पंखा घरघरत थांबला, आणि शेजारच्या घरातला टीव्ही मधेच तुटला. सगळी चाळ काळी झाली.

धाकूला ते कळलं नाही. पंखा, टीव्ही, कशाकडेच त्याचे कान नव्हते. तो दौलतरावांच्या उत्तराची वाट बघत होता.

"रागावलास?" त्यानं विचारलं.

दौलतरावांचे हात खुर्चीला चिकटले होते.  टॉर्च घरी, उशाखाली. मोबाइल खिशात होता, पण खिसा कुठल्या बाजूला ते कळेना. समोर, दोन हातांवर, धाकू होता हे त्यांना माहीत होतं, पण माहीत असणं पुरेना. तोंड उघडलं तर आवाज येईल का, याचीच खात्री नव्हती.

"दौलत?" धाकू म्हणाला. "अरे, बोल ना. शिव्या घाल पाहिजे तर."

काही नाही.

"दौलत? आहेस ना तू?"

त्या आवाजात आता वेगळंच काहीतरी होतं. खाट करकरली. धाकू उठला होता. कप लवंडला, फरशीवर चहा सांडला. "दौलत, ए दौलत," असं म्हणत, दोन्ही हात पुढं करून तो येत होता, आणि दौलतरावांना ते हात दिसत नव्हते, फक्त त्यांचा अंदाज येत होता. आधी एक हात त्यांच्या गुडघ्याला लागला. मग खांद्याला. मग तो हात वर सरकला आणि त्यांच्या तोंडावरून, नाकावरून, ओठांवरून फिरला. श्वास चालू आहे का, ते बघत होता तो. 

"आहे," दौलतराव म्हणाले. "आहे मी."

धाकू तिथंच फरशीवर, सांडलेल्या चहात बसला.

"लाइट गेलीय," दौलतराव म्हणाले. "मला अंधाराची भीती वाटते, धाकू. विमल गेल्यापासून. हाक मारली की कोणी ओ देत नाही."

धाकूनं चाचपत त्यांचा गुडघा घट्ट धरला. मग म्हणाला, "मग तोंडानं सांगायचं ना. मी इथं काय समजलो, तुला माहितीए?" तो रागावला होता, खराखुरा. "दोन मिनिटं. दोन मिनिटं तू मला मारलंस."

"सॉरी."

"सॉरी कसलं. बोलत राहा आता. काहीपण बोल. लाइट येईपर्यंत."

दौलतराव बोलत राहिले. नीट काही नव्हतं त्यात. विमलच्या शेवटच्या पंधरा दिवसांचं बोलले, बंद फ्लॅटांचं बोलले, वॉचमनचं बोलले, न गेलेल्या लग्नाचं बोलले. धाकू मधूनमधून "हं" म्हणत होता, आणि ते "हं" कुठून येतंय ते अंधारात अगदी स्पष्ट कळत होतं. अक्षदा नातीला घेऊन मोबाइलचा टॉर्च पेटवून आत आली तेव्हा एक म्हातारा खुर्चीवर, दुसरा जमिनीवर, आणि दोघांचेही डोळे लाल. तिनं काही विचारलं नाही. आधी फरशी पुसली.

घरी पोचायला दौलतरावांना साडेसात झाले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते अंधार पडल्यावर बाहेर होते. चौथ्या मजल्यावर कुलूप उघडलं आणि दार ढकललं, तर आत सगळं काळं. ते लगेच आत गेले नाहीत. जिन्याच्या दिव्याखाली पायरीवर बसले आणि संचिताला फोन लावला. तिला सांगितलं. आधी अडखळत, मग सरळ. ती रडायला लागली. "अण्णा, तुम्ही इकडे या. उद्याच या. इथं आम्ही सगळे आहोत." दौलतराव म्हणाले, "बघू." त्यांना माहीत होतं की ते जाणार नाहीत, तिथं दिवसभर सगळे बाहेर असतात, आणि संध्याकाळी थकून आलेल्या माणसांना आपली भीती सांभाळायला लावायची, हे त्यांना पटणारं नव्हतं. फोन चालू ठेवूनच ते आत गेले, आणि बटण सापडेपर्यंत तिला बोलत राहायला सांगितलं. वल्लरीनं मागून विचारलं, "आबा, मित्राला विचारलं का?" तेव्हा ते म्हणाले, "हो. आम्ही आत सगळे बोलत असायचो, म्हणून नाही वाटायची." तिनं ते लिहून घेतलं. भाऊचं तिला सांगितलं नाही.

जानेवारीत धाकू त्यांच्याकडे राहायला आला. दौलतरावांनीच बोलावलं होतं, आणि संदेश रिक्षानं सोडून गेला. पहिल्या रात्री दौलतरावांनी सगळे दिवे घालवले. धाकू घोरत होता, कूस बदलत होता, मधेच "पाणी कुठंय रे" म्हणत होता, आणि ते पहाटेपर्यंत गाढ झोपले. दोन वर्षांत अशी झोप लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र धाकूचं नवीन घराशी जमेना. न्हाणीघराचा उंबरा त्याला दोनदा लागला, गॅसजवळ हात भाजला, गॅलरीचं दार उघडं आहे की बंद ते कळेना म्हणून तो खाटेवरून उठायचाच बंद झाला. आपल्या घरात तो राजा होता, इथं त्याला खरोखरच दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "मला घरी सोड."

"अजून दोन दिवस राहा. सवय होईल."

"नाही रे. तूच येत जा."

दौलतरावांनी त्याला आंबिवलीला सोडलं. आता ते मंगळवारी आणि शुक्रवारी तिकडे जातात. पेपर वाचून दाखवतात, चहा पितात, किल्लीचा विषय आता दोघंही काढत नाहीत. अक्षदा हल्ली घरात आली की मोठ्यानं बोलत येते. तिला दौलतरावांनीच एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं.

पण त्या दिवशी, धाकूला सोडून आले त्या संध्याकाळी, घर पहिल्यापेक्षाही रिकामं वाटलं. त्यांनी सगळे दिवे लावले. धाकूची चादर घडी घालून ठेवली. भात टाकला, कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. जेवण झाल्यावर, नऊच्या सुमाराला, त्यांनी आंबिवलीला फोन लावला. अक्षदानं उचलला.

"बाबा झोपलेत काका. दमलेले. उठवू का?"

"नको, नको. झोपू दे," दौलतराव म्हणाले. "सहजच केलेला."